"उद्यापासून येतो" म्हणणारे
भोसरीत माझं लेथचं, म्हणजे धातू कातायच्या मशीनचं, छोटं वर्कशॉप आहे. या महिन्यात तिसरा टर्नर (लेथ चालवणारा कारागीर) "उद्या आठला हजर होतो, साहेब" म्हणून गेला, आणि सकाळपासून फोन बंद. जमत नसेल तर तसं सांगा ना! तुमच्या भरवशावर मी दुसऱ्या पोराला परत पाठवलेलं असतं. आणि जे येतात त्यांचं काय? आयटीआयची 2 वर्षं झालेली, सर्टिफिकेट लॅमिनेट केलेलं. हातात व्हर्निअर (बारीक माप घ्यायचं साधन) दिला की मेन स्केलवरचे मिलिमीटर वाचून थांबतो, पुढच्या बारीक रेघांचा 0.02 मिमीचा हिशोबच माहीत नाही. शिकवायला मी तयार आहे हो, पण "येत नाही" एवढं तरी खरं बोला. परवा एकाने "येतं, येतं" म्हणत 40 बुश (मशीनमध्ये बसवायच्या धातूच्या गोल नळ्या) अंडरसाइज, म्हणजे मापापेक्षा लहान काढले. मटेरियल भंगारात आणि ऑर्डर देणाऱ्या पार्टीच्या शिव्या मला.