भागाकार न करता ठरलेली मूळ संख्या

सप्रेम नमस्कार. आपल्या दोन हरकती आहेत. घातांक मूळ असला की २^घातांक − १ ही संख्याही मूळच असते, हे माझे विधान चुकीचे आहे, ही एक. आणि २^१३६२७९८४१ − १ ही ४,१०,२४,३२० अंकी संख्या कोणीच भागून पाहिलेली नसल्याने ती मूळ असणे ही फार तर दाट शक्यता आहे, सिद्धता नव्हे, ही दुसरी.

पहिली हरकत पूर्णपणे मान्य आहे. ११ मूळ आहे, पण २^११ − १ म्हणजे २०४७, आणि २३ × ८९ = २०४७. नियम उलट्या दिशेनेच खरा आहे, तो मी घाईत फिरवून लिहिला. वाक्य दुरुस्त केले आहे.

दुसरी हरकत मात्र मला मान्य करता येत नाही. भागून पाहणे अशक्य आहे हे खरेच. या संख्येचे वर्गमूळच दोन कोटींहून अधिक अंकी आहे. पण अवयव शोधणे आणि संख्या मूळ आहे की नाही हे ठरवणे ही दोन वेगळी कामे आहेत. ल्यूका-लेमर कसोटीत ४ पासून सुरुवात करून प्रत्येक वेळी वर्ग करायचा, २ वजा करायचे आणि तपासायच्या संख्येने भागून उरलेली बाकी तेवढी पुढे न्यायची. ३१ साठी, म्हणजे २^५ − १ साठी, ४, १४, ८, ० असा क्रम येतो. विषम मूळ घातांकातून २ वजा करून जितके येतील तितक्या पायऱ्यांनंतर बाकी शून्य आली तर संख्या मूळ, न आली तर संयुक्त. हे दोन्ही बाजूंनी सिद्ध झालेले प्रमेय आहे, त्यात शक्यतेला जागाच नाही. एदुआर ल्यूका यांनी १८७६ मध्ये २^६७ − १ संयुक्त असल्याचे एकही अवयव हाती नसताना दाखवले. १९३७०७७२१ × ७६१८३८२५७२८७ हे अवयव फ्रँक नेल्सन कोल यांनी १९०३ मध्ये मांडले.

‘शक्यता’ हा शब्द आपल्या वाचनात आला असेल तर तोही निराधार नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये ही संख्या प्रथम हाती लागली ती फर्मा यांच्या सूत्रावरील चाचणीत, आणि त्या चाचणीचा होकार केवळ संभाव्यच असतो. म्हणूनच नंतर ल्यूका-लेमर कसोटी वेगवेगळ्या यंत्रांवर, वेगवेगळ्या आज्ञावलींनी पुन्हा लावण्यात आली. यंत्र चुकू शकते ही शंका रास्तच आहे, पण ती आकडेमोडीबद्दलची शंका झाली, पद्धतीबद्दलची नव्हे.

२०४७ वर हीच कसोटी कागदावर लावून पाहावी, ही विनंती. नऊ पायऱ्या आहेत, पहिल्या चारांत १४, १९४, ७८८, ७०१ अशा बाक्या येतात आणि शेवटी १७३६ उरते. २३ आणि ८९ यांची आठवण वाटेत कुठेही काढावी लागत नाही.