मूल घुमं कसं करावं?

मूल तेरा-चौदाचं झालं की आपोआप घुमं होतं, असं आमच्या घोडबंदर रोडवरच्या पालकांचं ठाम मत आहे. आपोआप काही होत नाही हो, घरच्यांना झटावं लागतं. ज्यांना अजून जमलेलं नाही, त्यांच्यासाठी चार युक्त्या.

झोपेपासून सुरुवात करा. या वयात झोपेची वेळ निसर्गतःच उशिरा सरकते आणि आठ ते दहा तास झोप लागते, असं डॉक्टर म्हणतात. म्हणोत. तुम्ही क्लाससाठी पहाटे पाचला पांघरूण ओढा आणि वर 'आळशी' म्हणा.

मार्क लिफ्टमध्येच विचारा. ऐकायला माणसं असतात.

आता हमखास उपाय. नवरा-बायकोने अबोला धरावा आणि मुलाला पोस्टमन करावं. परवा रविवारी शेजारी चहाला गेलो होतो. दोघं एकाच सोफ्याच्या दोन टोकांना. "विचार बाबांना, साखर किती?" "सांग आईला, इतक्या वर्षांत कळलं नसेल तर राहू दे." पोरगं आठवीतलं, हातात पोह्यांची बशी. क्षणभर थांबलं आणि म्हणालं, "आई, नेहमीएवढीच." टोमणा गिळून त्याने निरोप तेवढा पोचवला. आईने मूळ वाक्य ऐकलंच होतं, तरी डाफरली त्याच्यावरच. निघताना दारात मला हळूच म्हणते, "भाऊजी, तुम्हीच समजवा याला. हल्ली बोलतच नाही. सगळं त्या मोबाईलमुळे."

बोलत नाही? अहो, दिवसभर तुमचंच तर बोलतोय तो! स्वतःचं कधी बोलणार? आणि दार लावून भांडलं की मुलांना कळत नाही, हे कोणी सांगितलं तुम्हाला? या टॉवरच्या भिंतींतून तुमच्या गृहकर्जाचा हप्ता आम्हाला पाठ झालाय, आणि आत पांघरुणात जागा असलेल्याला ऐकू जात नाही?

तरीही एखादं मूल "मला उगाच रडू येतं" म्हणालंच, तर "ठाण्याला टाकू का?" हा विनोद करावा. ठाण्यात राहूनसुद्धा करता येतो! ते मनोरुग्णालय इथं १९०१ पासून उभं आहे. सव्वाशे वर्षांत आपण शिकलो काय, तर हा विनोद.

पुरे झाली थट्टा. दहा ते एकोणीस वयातल्या साधारण सातांपैकी एकाला मानसिक आजार असतो, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. तुमच्या इमारतीतली मुलं मोजा आणि भागाकार करा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर फुकट आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलतात. मुलासाठी लावा, स्वतःसाठीही लावा. भांडण होतंच, कोणाच्या घरी होत नाही? पण ते आपापसात करा, पोराला मध्ये उभं करू नका. त्याच्यासमोर भांडलात तर मिटवाही त्याच्यासमोर, आणि "हे तुझ्यामुळे नाही" एवढं तोंड उघडून सांगा, कारण या वयाची पोरं सगळं स्वतःवर ओढवून घेतात. सांगायला लाज वाटते? पाहुण्यांसमोर त्याला राबवताना नाही वाटली ती!