चुना मळता येतो, सभा चालवता येत नाही

जुलै 2025 मध्ये मराठ्यांचे 12 किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. त्यात खांदेरी, रायगड, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे 5 आपल्या कोकणातले. स्टेटस लावून झाले, पेढेही खाऊन झाले. आता थोडं कडू बोलतो.

गडावर राबणाऱ्या पोरांची आपल्याकडे वानवा नाही. रात्रीच्या गाडीने येऊन टाक्यातला गाळ उपसतात, तटातलं पिंपळाचं रोप मुळासकट काढतात. पण त्यांच्या संस्था बघता बघता थंडावतात, नाहीतर फुटून दोन होतात. कारण विचारलं की उत्तर ठरलेलं, निधी नाही. मला हे पटत नाही. संस्था चालवायची कशी, हे आपण कुणाला शिकवलेलंच नाही.

माझ्या पाहण्यातल्या एका संस्थेच्या खात्यात पैसे पडून होते आणि काढता येत नव्हते. जुने खजिनदार वारले, नवे नेमले, हारतुरे झाले. विश्वस्त बदलले की 90 दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यावा लागतो, तो कुणी दिलाच नाही. बँक म्हणे, जुनी सही आणा. इतिवृत्ताची वही उघडली तर सह्या आधी घेतलेल्या आणि मजकुराची जागा कोरी! तिकडे गडाच्या डागडुजीसाठी चुन्याचं सामान आणायचं राहून गेलं आणि मोसम संपला.

त्यात आपलं खास दुखणं म्हणजे मुंबईकर आणि गावकर. पावतीपुस्तक मुंबईत, फावडं गावात. ठराव तिकडे होतो, पुरातत्त्व खात्याची माणसं आली की धावाधाव इकडच्यांची. केंद्राच्या संरक्षित स्मारकापासून 100 मीटर प्रतिबंधित आणि पुढचे 200 मीटर नियंत्रित क्षेत्र, हे इकडच्यांना कुणी सांगितलेलं नसतं. मग भावनेच्या भरात तटाला चुन्याऐवजी सिमेंट लागतं. खाऱ्या हवेत सिमेंटमागे ओल आणि क्षार अडकतात आणि शेजारचा जुना दगड झडायला लागतो.

कातळशिल्पांचं, म्हणजे सड्यावरच्या उघड्या कातळात कोरलेल्या प्राचीन चित्रांचं, तर आणखी अवघड. 2022 पासून ती युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत, पण त्यातली कितीतरी खासगी सड्यावर आहेत. सातबाऱ्यावर भावकीची ढीगभर नावं, निम्मे विरारला, आणि चिरेखाणवाला रोख पैसे घेऊन दारात. त्या घरी जाऊन ओटीवर बसून काय बोलायचं? आवाज चढवून तर मुळीच जमत नाही. पुढारीपण खरं तिथे लागतं.

अमेरिकेत नॅशनल ट्रस्ट या 1949 सालच्या संस्थेने वारसा जपणाऱ्या स्थानिक कार्यकर्त्यांसाठी नेतृत्वाची आठवडाभराची शिबिरं घेतली. वारसा जपण्याच्या पद्धतींबरोबर संस्था कशी बांधायची हेही त्यात शिकवायचे. आपल्याकडे शिबिर म्हटलं की व्याख्यान, शाल-श्रीफळ आणि ग्रुप फोटो.

वेळ नाही म्हणू नका. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद, होड्या वर ओढलेल्या, हर्णैहून सुवर्णदुर्गाला जायची सोय नाही. शाळेचा एक वर्ग मागा. संस्थेच्या करमाफीची आणि देणगीदाराच्या करसवलतीची नोंदणी (1961 च्या आयकर कायद्यातल्या 12ए आणि 80जी) आणि कंपन्यांचा सामाजिक निधी मिळवायला लागणारी सीएसआर-1 नोंदणी म्हणजे काय ते एखाद्या सीएकडून समजून घ्या, कारण कंपनीच्या दारात पहिला प्रश्न तोच येतो. निवृत्त तलाठ्याला सातबारा वाचून दाखवायला बसवा. आणि हिशोब शिकवायला बचत गटातली बाई बोलवा. (हसू नका. त्यांची बैठक वेळेवर सुरू होते आणि वही त्याच दिवशी पुरी होते. आपली कधी झाली?)

अध्यक्षपद 3 वर्षांनी सोडायचं, हेही संस्थेच्या घटनेत घाला. दुसऱ्या फळीला सही करायची, खात्याला पत्र लिहायची आणि चुकायची संधी कधी मिळणार? यावर आमच्यातलेच काही ज्येष्ठ रागावतील, "संस्था आम्ही उभी केली" म्हणतील. केलीत, मान्य. म्हणून तर पुढच्या जूनच्या शिबिरात पहिल्या बाकावर तुम्हीच हवे आहात, आणि येताना इतिवृत्ताची वही घेऊन या.