म्हणे ‘साध्या पोरांनी’ दहा विजेतेपदं जिंकली!

सध्या एक फॉरवर्ड जोरात फिरतोय. ‘अमेरिकेच्या कॉलेज बास्केटबॉलने सिद्ध केलंय : टॅलेंट हरतं, टीम केमिस्ट्री जिंकते.’ खाली मुद्दे, मध्ये मध्ये जोडलेले हात, आणि शेवटी प्रशिक्षकांना सल्ला : स्टारला बेंचवर बसवा, बाकीचे आपोआप फुलतील. असले फॉरवर्ड मी न वाचताच उडवतो. पण हा माझ्या भाचीच्या कॉलेज टीमच्या ग्रुपवर आला, टाकला खुद्द सरांनी, आणि पुढच्याच मॅचला टीममधली सगळ्यात तयार पोरगी अर्धा वेळ बेंचवर. भाचीने मला विचारलं, ‘मामा, हे खरंय का?’

बरंचसं नाही.

सगळ्यात अचाट मुद्दा आधी घेतो. ‘यूसीएलएच्या जॉन वुडन यांनी साध्या मुलांची मोट बांधून बारा वर्षांत दहा विजेतेपदं जिंकली.’ यूसीएलए म्हणजे लॉस एंजेलिसचं विद्यापीठ, वुडन तिथले प्रशिक्षक. १९६४ ते १९७५ या काळात दहा राष्ट्रीय विजेतेपदं, हे बरोबर. पण साधी मुलं? अहो, त्यातला एक लू अल्सिंडर होता! पुढे जगाला करीम अब्दुल-जब्बार म्हणून माहीत झाला तोच. सात फूट दोन इंच उंची, आणि अख्ख्या देशातली कॉलेजं त्याच्या मागे लागलेली. तेव्हाच्या नियमानुसार पहिल्या वर्षाच्या मुलांना मुख्य संघात खेळता येत नसे. म्हणून नोव्हेंबर १९६५ मध्ये पहिल्या वर्षाचा संघ आणि मुख्य संघ यांचीच आपापसात मॅच झाली. मुख्य संघ म्हणजे कोण, तर लागोपाठ दोन वर्षांचे राष्ट्रीय विजेते. वुडन यांच्या हाताखाली मुरलेले, एकमेकांच्या सवयी पाठ असलेले. केमिस्ट्री म्हणाल तर ती याच पोरांकडे. निकाल? ७५-६०, आणि जिंकली नवखी पोरं. एकट्या अल्सिंडरचे ३१ गुण. मुख्य संघात आल्यावर त्याने तीन मोसमांत ८८ सामने जिंकले आणि फक्त दोन गमावले. तिन्ही वर्षी विजेतेपद.

तो गेल्यावर बिल वॉल्टन आला. १९७३ च्या अंतिम सामन्यात मेम्फिस स्टेटविरुद्ध वॉल्टनने २२ शॉट मारले, त्यातले २१ पडले, ४४ गुण झाले. याला ‘साधा मुलगा’ म्हणणाऱ्याने ती मॅच बघितलेली नाही, एवढंच मी म्हणेन. वुडन थोर प्रशिक्षक होते, यात वादच नाही. पण त्यांचा थोरपणा दाखवायला पोरांना सामान्य कशाला ठरवता?

१९६४ चा त्यांचा पहिला विजेता संघ तसा बुटका होता, पहिल्या पाचात साडेसहा फुटी एकही नाही, आणि तरी ३० पैकी ३० सामने जिंकला. चला, हे दिलं तुम्हाला. मात्र त्यातही वॉल्ट हॅझर्ड आणि गेल गुडरिच होते. दोघेही पुढे वर्षानुवर्षं एनबीए, म्हणजे अमेरिकेची व्यावसायिक लीग, खेळले.

दुसरा मुद्दा : ‘२०१५ चा केंटकीचा संघ स्टार खेळाडूंच्या अहंकारामुळे हरला.’ काय तो अहंकार! त्या संघात कुणाचीच सरासरी सामन्यामागे ११ गुणांच्या वर नव्हती. पुढे ड्राफ्टमध्ये (एनबीएचे संघ पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात, त्यात) पहिला निवडला गेलेला कार्ल-अँथनी टाउन्स सामन्यातली जेमतेम निम्मी मिनिटं खेळायचा. डेव्हिन बुकर तर बेंचवरून यायचा. एवढं वाटून घेऊन खेळणारा संघ शोधून दाखवा. ३८ सामने सलग जिंकून ते उपांत्य फेरीत विस्कॉन्सिनकडून ७१-६४ असे हरले. आणि विस्कॉन्सिन म्हणजे तरी कोण? त्यांच्याकडे फ्रँक कमिन्स्की होता, त्या वर्षीचा देशातला सर्वोत्तम कॉलेज खेळाडू. त्या विस्कॉन्सिनला मग अंतिम सामन्यात ड्यूकने हरवलं, तेही पहिल्या वर्षाच्या पोरांच्या जोरावर. फॉरवर्डमध्ये गोष्ट एक सामना आधीच संपते, हे सोयीचंच आहे.

व्हर्जिनियाचा मुद्दा (२०१८ मध्ये सोळाव्या, म्हणजे गटातल्या शेवटच्या मानांकनाच्या यूएमबीसी संघाकडून मानहानी, २०१९ मध्ये ‘एकजुटीने’ विजेतेपद) थोडक्यात उडवतो. २०१८ ला त्यांचा स्टार डिआंड्रे हंटर मनगट मोडल्यामुळे बाहेर होता. २०१९ ला तो परतला आणि अंतिम सामन्यात त्याने २७ गुण केले.

आता फॉरवर्डमधला ‘संशोधनाने सिद्ध’ हा दावा. २०१४ मध्ये ‘सायकॉलॉजिकल सायन्स’ या नियतकालिकात एक निबंध आला होता खरा : एका मर्यादेपलीकडे स्टार वाढले की संघाची कामगिरी घसरते. पण बास्केटबॉलपुरती बोलायची तर त्यातली आकडेवारी एनबीएची होती, कॉलेजची नाही. शिवाय त्याच नियतकालिकात २०२१ मध्ये दुसऱ्या संशोधकांनी एनबीएचेच आकडे पुन्हा तपासले. जास्त टॅलेंटमुळे तोटा होतो असं त्यांना आढळलं नाही. हे उत्तर कुणी फॉरवर्ड करत नाही.

एकटा स्टार पुरत नाही, हे मात्र मान्य. मार्केल फुल्ट्झ २०१७ च्या ड्राफ्टमध्ये पहिला निवडला गेला, पण त्या मोसमात त्याचा वॉशिंग्टन विद्यापीठाचा संघ ९ सामने जिंकला आणि २२ हरला. शिवाय दोन-तीन वर्षं एकत्र खेळलेल्या पोरांना फायदा होतो, व्हिलानोवा विद्यापीठ हे त्याचं उदाहरण. पण तिथेही २०१८ च्या विजेत्या संघातले चौघे त्याच वर्षी एनबीएत निवडले गेले. म्हणजे केमिस्ट्री होती, पण ती टॅलेंटची आपापसात होती.

राहिला तो सल्ला, स्टारला बसवा. २०१२ ची फायनल घ्या, केंटकी विरुद्ध कॅन्सस. अँथनी डेव्हिसचे शॉट पडतच नव्हते, दहापैकी एक. सगळे मिळून गुण सहा. फॉरवर्डच्या हिशेबाने याला आधी उठवायला हवं होतं. पण डेव्हिसने १६ रिबाउंड घेतले (हुकलेल्या शॉटनंतरचे बॉल पकडले), सहा शॉट ब्लॉक केले, पाच असिस्ट (ज्यावर बास्केट होते असे पास) दिले आणि तीनदा बॉल चोरला. केंटकी ६७-५९ ने जिंकलं, आणि स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू म्हणून निवड झाली ती या सहा गुणवाल्याचीच.