पालकांसाठी वेगळी रांग

गेल्या मंगळवारी माझ्या शर्टाच्या खिशावर एका पोरानं 'पालक' लिहिलेलं स्टिकर चिकटवलं. हिरवं. भाजीतला पालक म्हणाला असता तरी इतका राग आला नसता. तो राग अजून पुरता उतरलेला नाही, हे आधीच सांगून टाकतो.

चोवीस वर्षं मी एका कारखान्याचं स्टोअर सांभाळलं. मार्चमध्ये कारखाना दुसऱ्या राज्यात गेला, मी इथंच राहिलो. तीन महिने घरी बसल्यावर बायकोनं पेपरातली जाहिरात कापून माझ्या चहाच्या कपाखाली ठेवली. शासनाचा रोजगार मेळावा, प्रवेश विनामूल्य, इच्छुकांनी कागदपत्रांसह उपस्थित राहावे. मी इच्छुक होतो, कागदपत्रं होती, वय एक्कावन्न.

मेळावा मंगल कार्यालयात होता. व्यासपीठावर आदल्या दिवशीच्या नवरा-नवरीच्या खुर्च्या तशाच होत्या. मुलीकडच्यांच्या खोलीत कंपन्या बसवल्या होत्या आणि मुलाकडच्यांच्या खोलीत आम्ही. दारातल्या पोरानं विचारलं, "काका, मुलगा कुठंय?"

"कोणता मुलगा?"

"ज्याच्यासाठी आलात तो."

"मी माझ्यासाठीच आलोय."

त्यानं टेबलाकडे पाहिलं. स्टिकरचे गठ्ठे दोन प्रकारचे असायचे, पण आता एकच उरला होता. "उमेदवार साडेदहालाच संपले, काका. सध्या हे लावा, आत सोडतील." आणि लावलंच. खिशावर दोनदा थापटलंसुद्धा, निघू नये म्हणून.

आत नोंदणीच्या टेबलावर लॅपटॉप आणि त्यामागे एक मुलगी. माझं काम काय ते तिला मी चारदा सांगितलं. माल उतरवून घ्यायचा, मोजायचा, बिन कार्डावर, म्हणजे त्या मालाच्या आवक-जावकीच्या कार्डावर, चढवायचा, द्यायचा, आणि वर्षअखेरीला कमी भरला तर शिव्या खायच्या. तिनं पडद्यावरची यादी वरपासून खालपर्यंत नेली, खालपासून वर आणली आणि 'इतर' वर टिचकी मारली. व्यवसायांच्या राष्ट्रीय वर्गीकरणाच्या २००४ च्या आवृत्तीत अगदी शेवटी 'एक्स' नावाचा विभाग होता. ज्यांचा व्यवसाय ओळखता येत नाही किंवा जे तो सांगतच नाहीत, त्यांच्यासाठी. मी तर घसा कोरडा होईतो सांगत होतो.

तेवढ्यात मागून आवाज आला, "ताई, आमचा शिक्का."

आता या माणसाबद्दल सविस्तर सांगायला हवं, कारण मंगळवारी तिथं जाऊन हाती लागलं ते एवढंच.

इस्त्रीचा पांढरा शर्ट, पायात धुतलेल्या चपला, हातात दुधाच्या पिशवीत गुंडाळलेलं एक कार्ड. कार्ड आधी पिवळं असावं, आता चहाच्या रंगाचं झालेलं. वर 'सेवायोजन कार्यालय' छापलेलं. त्यानंतर हे खातं 'रोजगार व स्वयंरोजगार मार्गदर्शन केंद्र' झालं आणि आता 'जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्र' आहे. नोकऱ्या आखडत गेल्या तशी पाटी रुंद होत गेली. या गृहस्थांनी १९८७ साली, बारावी झाल्या झाल्या नाव घातलं होतं, आणि दर तीन वर्षांनी न चुकता नूतनीकरण. कार्डावर गोल शिक्क्यांची माळ. बारा.

"दादा, आता शिक्का नसतो. ऑनलाइन असतं," मुलगी म्हणाली.

"मग ऑनलाइनवर मार."

"तसा मारता येत नाही."

"मग इथं मार. तुला जिथं सोपं पडेल तिथं मार, माझी तक्रार नाही."

मी मधे पडलो. म्हटलं, "दादा, पण तुमचं वय?"

"सत्तावन्न पूर्ण."

"मग सरकारी नोकरी आता कशी लागेल?"

त्यांनी माझ्या खिशावरचं 'पालक' वाचलं आणि एखाद्या अजाण पालकाला समजवावं तसं मला समजवायला घेतलं. "नोकरी कुणाला पाहिजे? माझं किराणा दुकान आहे, नातू शाळेत जातो. पण सीनियॉरिटी कशी सोडायची? त्या काळी कॉल यायचा तो नोंदणीच्या तारखेनं. ज्याचं नाव आधी, त्याचं पत्र आधी. नूतनीकरण चुकलं की नाव शेपटाला. माझ्याबरोबरच्यांनी एकेक करून सोडलं. एक मुंबईला गेला, एक वारला, एकानं कंटाळून कार्ड फाडलं. म्हणजे मी पुढं सरकलो की नाही?"

"सरकलात."

"आता माझ्यापुढं कोणीच नसणार." हे त्यांनी इतक्या समाधानानं सांगितलं की मला क्षणभर हेवा वाटला.

कॉल एकदाच आला होता. १९९४ साली, कनिष्ठ लिपिकाचा. मराठी टंकलेखन मिनिटाला ३० शब्द, त्यांचं पस्तीस होतं. पत्र मुलाखतीनंतर चार दिवसांनी पोचलं. ते पत्रही त्याच पिशवीत होतं. मग वयाची अट ओलांडली. पुढे २०१६ मध्ये शासनानं खुल्या प्रवर्गाची अट ३३ वरून ३८ केली, तेव्हा दादा अठ्ठेचाळीस वर्षांचे होते. "मी पुढं पळत होतो, अट मागून येत होती. गाठ पडली नाही." मग थोडं थांबून म्हणाले, "माझं सोडा. माझी नोंदणीच यंदा ३८ वर्षांची झाली. पुढच्या वर्षी तीसुद्धा अपात्र."

मी हसलो. ते हसले नाहीत.

रांग वाढायला लागली तेव्हा मुलगी उठली, मंगल कार्यालयाच्या मॅनेजरच्या टेबलावरून एक शिक्का आणला, शाईच्या पॅडवर दाबला आणि तेराव्या जागेवर उमटवला. दादांनी फुंकर घालून शाई वाळवली, कार्ड पिशवीत गुंडाळलं आणि मला नमस्कार करून गेले. जाताना मी शिक्का वाचला. 'रक्कम पावली.'

आता जरा तक्रार करतो. आमच्या कारखान्यातून दर तिमाहीला याच रोजगार केंद्राला ईआर-१ नावाचं विवरणपत्र जायचं, कामावर माणसं किती आणि रिकाम्या जागा किती याचं. मला माहीत आहे, कारण टाइम ऑफिसचा संगणक बिघडला की ते माझ्या संगणकावर भरलं जायचं. रिक्त जागा कळवण्याची सक्ती करणारा केंद्राचा कायदा तेव्हा होता तो १९५९ चा. तो लागू झाला १ मे १९६० ला. महाराष्ट्र आणि हा कायदा एकाच दिवशीची जुळी भावंडं, पण वाढदिवस एकाचाच होतो. त्यात पंचवीस किंवा जास्त माणसं असलेल्या खासगी मालकानं जागा कळवायच्या असायच्या. माणूस मात्र तिथूनच घ्यायची सक्ती नव्हती, हे कायद्यातच लिहिलेलं. नाही कळवलं तर पहिल्यांदा ५०० रुपयांपर्यंत दंड, पुन्हा केलं तर १००० पर्यंत. शिपाई, पहारेकरी, झाडूवाला, फराश यांच्या जागा मुळात कळवायच्याच नसायच्या. फराश म्हणजे धूळ झटकणारा. चोवीस वर्षं आम्ही ते कागद भरले, पण त्या केंद्राकडून 'बरं, मग माणूस पाठवू का?' असं विचारणारा फोन आलेला मला आठवत नाही. मोजणी मात्र चोख. स्टोअरवाला म्हणून सांगतो, नुसती मोजणी चोख ठेवायची आणि माल द्यायचा नाही, असं स्टोअर कुठलाही कारखाना महिनाभर चालू देणार नाही.

आणि दुसरं. माझ्या पगारातून महिन्याला २०० रुपये व्यवसाय कर कापला जायचा, फेब्रुवारीत ३००. (दिवस सगळ्यांत कमी, कर सगळ्यांत जास्त. हे गणित कुणाचं, देव जाणे.) वर्षाचे २५००. हा कर १९७५ मध्ये रोजगार हमीच्या खर्चासाठी म्हणून आला. वि. स. पागे यांची ती योजना खरोखर मोठी होती, दुष्काळात तिनं लाखो घरांच्या चुली पेटत्या ठेवल्या, त्याबद्दल एक शब्द वावगा बोलणार नाही. फक्त इतकंच की इतकी वर्षं दुसऱ्यांच्या रोजगाराची वर्गणी भरून माझ्यावर वेळ आली तेव्हा मला 'इतर' मिळालं आणि 'पालक' मिळालं.

मग मुलीकडच्यांच्या खोलीत गेलो. पहिली तीन टेबलं विम्याची. पगार नाही, कमिशन आहे, 'आणि तुमचे नातेवाईक किती आहेत?' चौथ्या टेबलावर एमआयडीसीतले एक छोटे कारखानदार घाम पुसत बसले होते. सकाळपासून नव्वद अर्ज. त्यांना सीएनसी, म्हणजे संगणकावर चालणारी मशीनं, चालवणारे हवे होते. तसे दोन आले आणि त्यातला एक शेजारच्या टेबलानं नेला.

"आयटीआयची मुलं?" मी विचारलं.

"येतात. पण शिकतात त्या मशीनवर, जे माझ्या वडिलांनी भंगारात काढलं." मग स्वतःच सांगू लागले. २०२४ च्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेतून त्यांनी एक पदवीधर घेतला होता. बारावीला महिना ६,०००, आयटीआय-पदविकेला ८,०००, पदवीला १०,०००, सगळे शासनाकडून. आधी सहा महिने, मग मुदत अकरा महिन्यांची झाली. "पोरगा हुशार. अकराव्या महिन्यात मशीनवर हात बसला."

"मग ठेवून घेतलात?"

"दहा हजार सरकार देत होतं हो," ते म्हणाले. पुढचं त्यांनाच बोलवेना. मग एकदम माझ्याकडे वळले. "तुम्ही स्टोअर सांभाळत होतात ना? मला स्टोअरला माणूस पाहिजेच आहे. योजनेत बसाल का?"

"वय किती लागतं?"

"अठरा ते पस्तीस."

आम्ही दोघं एकमेकांकडे बघत बसलो. त्यांना माणूस हवा होता, मला काम हवं होतं, आणि मधे टेबलावर फक्त पाण्याची बाटली होती. त्यांनी माझा नंबर घेतला. वहीत लिहिला, नव्वद अर्जांच्या खाली. शेजारी काय लिहिलं ते मी उलट्या बाजूनं वाचलं. 'पालक.'

परतीच्या एसटीत शेजारी एक बाई बसल्या होत्या, मांडीवर भाजीची पिशवी. बराच वेळ माझ्या खिशाकडे बघत होत्या. तेव्हा लक्षात आलं, ते हिरवं अजून काढलंच नव्हतं.

"मेळाव्याला गेला होतात का भाऊ?"

"हो."

"लागली का मुलाला?"

"नाव नोंदवलंय," मी म्हटलं.