नऊ ठिपक्यांचे शास्त्र

आपल्या कंपनीत हजेरीचे एक, रजेचे दुसरे, खरेदीचे तिसरे, गोदामाचे चौथे अशी करत करत एव्हाना अकरा ॲप्स जमली असतील, आणि एकातून दुसऱ्यात जाण्याची सोय लावण्याचे काम आपल्या गळ्यात पडले असेल, तर प्रथम आपले अभिनंदन. या कामात नापास होणे जवळजवळ अशक्य आहे, कारण ते मंजूर करणाऱ्या साहेबांनी त्या अकरांपैकी एकही ॲप स्वतः उघडलेले नसते.

आरंभ चिन्हापासून करावा. गूगल आणि मायक्रोसॉफ्ट या दोघांनीही ॲप्सच्या यादीसाठी नऊ ठिपक्यांचा चौकोन वापरला आहे. पैकी गूगलचा वर उजवीकडे असतो, मायक्रोसॉफ्टचा वर डावीकडे. आपण कोणाचेही मन दुखवू नये. पाच ॲप्समध्ये तो उजवीकडे ठेवावा, सहांमध्ये डावीकडे. पॉल फिट्स या मानसशास्त्रज्ञाने १९५४ सालीच दाखवून दिले होते, की लक्ष्य जितके लांब आणि जितके लहान, तितका तेथे पोहोचायला वेळ अधिक लागतो. त्यामुळे चौकोन लहानच असू द्यावा. मात्र पडद्याच्या अगदी कोपऱ्यात तो चुकूनही नेऊ नये. तेथे माउस कितीही ढकलला तरी बाण कडेला अडतो आणि बटण नेमके सापडते. दहा-बारा पिक्सेल आत घ्यावा.

नावांबाबत एकच पथ्य पाळावे: ॲप काय करते हे नावावरून कळता कामा नये. ‘समन्वय’, ‘संकल्प’, ‘सहयोग’, ‘समृद्धी’ अशी नावे शोभून दिसतात, आणि चारही चिन्हे निळ्या गोलात पांढरा ‘स’ अशी केली की एकसूत्रताही साधते. विंडोजमध्ये आल्ट आणि टॅब दाबले की शेवटी वापरलेली खिडकी आधी पुढे येते, हा लाड येथे नको. क्रम विभागप्रमुखांच्या ज्येष्ठतेनुसार लावावा.

खरे कौशल्य पुढे आहे. गिऱ्हाइकाचा फोन येतो, “अहो ताई, माझा माल निघाला का?” डिस्पॅचच्या ताईंसमोर विक्रीच्या ॲपमध्ये तीच ऑर्डर उघडी असते. तेथून गोदामाच्या ॲपमध्ये जाताना ऑर्डर क्रमांक सोबत गेला, तर ताईंचे काम एका क्लिकमध्ये संपेल आणि आपल्या यंत्रणेकडे कोणाचे लक्षही जाणार नाही. म्हणून प्रत्येक उडी थेट मुखपृष्ठावर, ‘सुस्वागतम्’ या फलकासमोर, पडेल अशी व्यवस्था करावी. ताई चौदा आकडी क्रमांक जुन्या चलनाच्या पाठीवर पेनाने उतरवतात, रिसीव्हर खांद्यात धरून तो पुन्हा टाइप करतात आणि एक शून्य कमी पडल्यामुळे त्यांना ‘नोंद आढळली नाही’ असे उत्तर मिळते. मागे जाण्याचे बटण दाबावे, तर त्या यंत्रणेबाहेर पडतात.

बाहेर पडल्यावर पासवर्ड आलाच. एकदाच लॉगिन करून सगळीकडे फिरता यावे यासाठीचे सॅमल २.० हे प्रमाण २००५ पासून उपलब्ध आहे. परंतु वीस वर्षे हा काही विश्वास टाकण्याजोगा काळ नव्हे. अकरा पासवर्ड ठेवावेत आणि त्यांच्या मुदती वेगवेगळ्या तारखांना संपू द्याव्यात. ताईंच्या मॉनिटरच्या कडेला चिकटवलेल्या पिवळ्या चिठ्ठ्यांवर ते सगळे व्यवस्थित लिहिलेले असतात, त्यामुळे सुरक्षेची चिंता नसावी.

एक धोका तेवढा सांगून ठेवतो. एव्हाना अकाउंट्समधल्या एखाद्या मुलाने एक्सेलची फाइल करून तीत अकरा लिंक्स एकाखाली एक लावल्या असतील, शेजारी ‘रजा’, ‘पगार’, ‘गोदाम’ असे साध्या शब्दांत लिहिले असेल, आणि साहेबांच्या स्वीय सहायकापासून गेटवरच्या वॉचमनपर्यंत सगळे तीच उघडत असतील. ती फाइल ताबडतोब जप्त करावी, तिला ‘सारांश’ असे नाव देऊन रीतसर बारावे ॲप करावे, आणि पांढऱ्या ‘स’चे निळे चिन्ह लावून यादीत सर्वांत खाली ठेवावे.