विंडोजचे सोंग

ऊसतोडीच्या हंगामात वजनकाट्यावर उभे राहून संगणक दुरुस्त करण्याची वेळ वैऱ्यावरही येऊ नये. निपाणी-चिकोडी रस्त्यावरच्या त्या काट्यापुढे उसाने लादलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग लागली होती, प्रत्येक चालकाच्या तोंडी ‘लगू माडरी’, म्हणजे कानडीत ‘लवकर करा’, हेच पालुपद होते, आणि काट्याचे मालक असलेले माझे मामा पाठीमागे खुर्ची टाकून ‘काय करायलायस रे?’ असे अधूनमधून विचारत होते. जुना संगणक धुळीने आणि पाकोळ्यांच्या कृपेने गतप्राण झाला होता, आणि परवान्याचे पैसे वाचतात म्हणून मामांनी नव्या यंत्रावर विंडोजऐवजी लिनक्स ही फुकट मिळणारी ऑपरेटिंग सिस्टिम घालून घेतली होती.

काट्याचा इंडिकेटर वजनाचा आकडा नऊ पिनांच्या केबलमधून संगणकाकडे पाठवतो. या जोडणीचे आरएस-२३२ हे मानक १९६० सालचे, म्हणजे वयाने मामांच्या बरोबरीचे, आणि दोघेही आपल्या सवयी बदलायला तयार नाहीत. कॉम वन, म्हणजे अशा केबलसाठीचे पहिले सिरियल पोर्ट, म्हटले की पत्ता ३एफ८ आणि इंटरप्ट (म्हणजे ‘माझ्याकडे बघा’ अशी प्रोसेसरला मारायची हाक) क्रमांक ४, हे पीसीच्या दुनियेत इतके ठरलेले आहे की त्यात शंका घेणे हा उद्धटपणा वाटावा. बायोसच्या, म्हणजे यंत्राच्या मूळ सेटिंगच्या, पडद्यावरही तेच लिहिलेले होते. लिनक्सने टीटीवाय-एस-शून्य या नावाने पोर्ट ओळखले, उघडलेही. परंतु वजनाचा एक अंकही आत आला नाही. इंडिकेटरवर लाल अक्षरांत आकडा ठळक दिसत होता आणि पावतीवर मात्र शून्य छापले जात होते. शून्याची पावती पाहून एक चालक ‘एनात्री?’ (काय झालं?) म्हणाला, त्या स्वरात प्रश्नापेक्षा धमकी अधिक होती.

लिनक्सच्या नोंदी नीट वाचल्यावर एक ओळ डोळ्यांत भरली: पत्ता ३एफ८, पण इंटरप्ट ३. पोर्ट इंटरप्ट चारवर हाका मारत होते आणि लिनक्स तीनवर कान लावून बसले होते. मग यंत्राचे एसीपीआय कोष्टक बाहेर काढून उलगडणे भाग पडले. यंत्रात काय काय बसवले आहे याचे वर्णन फर्मवेअर, म्हणजे यंत्रातच भरलेला मूळ प्रोग्रॅम, या कोष्टकात करते आणि ऑपरेटिंग सिस्टिम त्यावर डोळे मिटून विश्वास ठेवते. त्यात ‘पीएनपी०५०१’ या ओळखीखाली आमचे सिरियल पोर्ट होते, आणि त्याच्या साधनांच्या (पत्ता, इंटरप्ट वगैरे) वर्णनाआधी एक अट होती: समोरची ऑपरेटिंग सिस्टिम कोणती हे नोंदवणारा ओएसवायएस हा आकडा ०७डीएफ किंवा त्याहून मोठा असेल तर एक वर्णन, नसेल तर दुसरे. ०७डीएफ हा सोळाच्या पायावर लिहिलेला आकडा म्हणजे दशमानात २०१५, आणि ‘विंडोज २०१५’ ही विंडोज १० ची एसीपीआयमधली खूण. जुन्या विंडोजसाठीच्या वर्णनात इंटरप्ट ४ होता. नव्यासाठीच्या वर्णनात कुणा महाभागाने ३ लिहून ठेवला होता. विंडोज १० लावून कोणी ऊस मोजणार नाही, अशी त्याची खात्री असावी.

आता लिनक्सला नव्या विंडोजसाठीचे वर्णन मिळालेच कसे, हा प्रश्न रास्त आहे. फर्मवेअर ‘तू विंडोज आहेस का?’ असे विचारते तेव्हा लिनक्स बेधडक ‘हो’ म्हणते. मात्र ‘तू लिनक्स आहेस का?’ या प्रश्नाला ते आपणहून होकार देत नाही. फर्मवेअर तपासले जाते ते बहुतेक विंडोजवरच, त्यामुळे खरे बोलणाऱ्याच्या वाट्याला कोणी न तपासलेले वर्णन येते. समोरचा कोणत्या भाषेत विचारतो ते पाहून उत्तर बदलणाऱ्या कचेऱ्या सीमाभागात कोणाला नवीन नाहीत. त्यामुळे लिनक्सच्या या खोटेपणाबद्दल मला आदरच वाटला. फक्त येथे सोंग जरा जास्तच नवे घेतले गेले होते.

उपाय सोपा निघाला. सुरू होताना लिनक्सला द्यायच्या सूचनांमध्ये ‘एसीपीआय-ओएसआय’ची ओळ घालून आधीचे सगळे होकार रद्द केले आणि फक्त ‘विंडोज २००९’, म्हणजे विंडोज ७, एवढेच कबूल करायला सांगितले. यंत्र पुन्हा सुरू केल्यावर नोंदीत इंटरप्ट ४ उमटला आणि पुढच्या ट्रॉलीचे वजन पडद्यावर धावत आले. रांग हलली.

मामांना एवढे रामायण ऐकवण्यात अर्थ नव्हता, म्हणून मी थोडक्यात सांगितले की हा संगणक आता स्वतःला जुनी विंडोज म्हणवतो. मामांनी पावतीपुस्तक मिटले, चष्मा कपाळावर सरकवला आणि अत्यंत गंभीरपणे विचारले, “मग तिचं पैसं भरायला लागतील काय रे?”